दगडांचेही नामांतर होते : जानेफळच्या विहिरीपासून लोणारपर्यंत

खामगावहून मेहकरकडे जाणाऱ्या एस.टी.त खिडकीजवळ जागा मिळाली, तर थोड्याच वेळात जमिनीचे दोन स्वभाव पाहायला मिळतात. मागे पूर्णेचे सपाट खोरे राहते. तिथे शेकडो फूट खोल गाळाची माती आहे आणि कित्येक गावांत विहिरीचे पाणी खारट लागते; म्हणून त्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. मग चढ लागतो, रस्त्याच्या कडेला काळा खडक उघडा दिसू लागतो आणि गाडी बुलढाण्याच्या पठारावर येते. जुन्या वऱ्हाडात खालच्या सपाटीला पायनघाट आणि वरच्या पठाराला बालाघाट म्हणत. जानेफळ हे या बालाघाटावरचे, मेहकरच्या उत्तरेला असलेले मोठे गाव.

प्रवासवर्णनात जानेफळचे नाव सहसा येत नाही. लोक शेगावला जातात, सिंदखेडराजाला जातात, लोणारचे सरोवर पाहतात, अजिंठ्याला जातात. जानेफळ वाटेत लागते आणि मागे पडते. पण या पठारावरची कुठलीही जुनी, न बांधलेली विहीर वाकून पाहावी. तिथे एक पुस्तक उघडे पडलेले आहे. त्याची पाने खालून वर वाचायची असतात.

विहिरीच्या काठाशी काळी माती असते. तिच्याखाली मुरूम. मुरमाखाली फोडायला तुलनेने सोपा, भोके-भोके असलेला, मधूनमधून पांढरे खडे भरलेला खडक लागतो. त्याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. त्याखाली काळा पाषाण, ज्यावर पहार आपटली की ठिणगी उडते. तो फुटता फुटत नाही, आणि त्यात भेगा नसतील तर पाणीही नसते. तो संपला की कुठे कुठे विटेच्या रंगाचा, गेरूसारखा मऊ थर लागतो आणि त्याच्याखाली पुन्हा मांजऱ्या. मांजऱ्या लागला की खोदणाऱ्यांना पाण्याची आशा वाटू लागते. हे ज्ञान शाळेत मिळालेले नाही. वडार, बेलदार, पाथरवट यांच्या आणि आपल्या समाजातल्या असंख्य हातांनी ते सुरुंग लावून, पाटीने दगड वाहून मिळवले आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून ज्यांनी घरची चूल पेटती ठेवली, त्या आपल्या आयाबहिणींना दगडाची जात न विचारता त्याचा गुण कळत होता.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडून तप्त रस बाहेर आला. तो शंकूच्या आकाराच्या डोंगरातून उसळला नाही, तर पुराच्या पाण्यासारखा पसरला. थंड झाला, थांबला. काही काळाने दुसरा पूर आला आणि पहिल्यावर बसला. असे कित्येक थर साचले. आज उरलेला त्यांचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि पश्चिमेकडे त्यांची जाडी दोन किलोमीटरहून अधिक भरते. प्रत्येक पुरात वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. तो झाला मांजऱ्या. आतला भाग सावकाश थंड झाला. तो काळा पाषाण. दोन पुरांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग ऊनपावसाने कुजला, त्यावर राख-माती साचली, आणि नव्या रसाच्या उष्णतेखाली ती दबली. तो तांबडा थर. म्हणजे विहीर खोदणारा माणूस ज्या क्रमाने खाली उतरतो, तो लाव्हाच्या पुरांचा उलटा इतिहास आहे.

या खडकाला जगात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. डेक्कन म्हणजे आपले दख्खन. ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या पायरीवरून आला. सह्याद्रीचे किंवा अजिंठ्याचे डोंगर लांबून पाहिले तर उतारावर पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्या. नाव देणारे बाहेरून आले होते. कर्नल साईक्स यांनी १८३० च्या दशकात दख्खनच्या काही भागाच्या भूरचनेवर लिहिले. नागपुरात मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप यांनी हंटर यांच्यासोबत १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या खडकांवर लेख छापला. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये, जुन्या तळ्यांच्या गाळात, शंख-शिंपले आणि वनस्पती दगड होऊन पडलेल्या त्यांना आढळल्या होत्या. नागपूरजवळची टाकळी त्यामुळे भूशास्त्राच्या पुस्तकांत गेली.

१८५१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली. तिच्यातले डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८६७ च्या सुमारास या सगळ्या खडकाचे तीन भाग केले : खालचा ट्रॅप, मधला ट्रॅप आणि वरचा ट्रॅप. नागपूरकडील पूर्वेच्या थरांत जुन्या तळ्यांचा गाळ सापडतो, म्हणून ते खालचे, म्हणजे सर्वांत जुने. मुंबईकडच्या थरांतही असा गाळ सापडतो, ते वरचे, म्हणजे सर्वांत नवे. ज्यात असा गाळ फारसा नाही ते मधले. ही विभागणी शंभर वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत टिकली. कित्येक पिढ्यांनी ती परीक्षेत लिहिली आणि गुण मिळवले.

पण ती टिकली नाही. का टिकली नाही, हे समजून घ्यायचे तर दगडाला नाव देण्याची रीत समजून घ्यावी लागते.

भूशास्त्रात थराला नाव देणे हे बारशासारखे हौसेचे काम नाही. त्याला लिखित नियम आहेत. भारताची अशी संहिता १९७१ मध्ये निघाली. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९७६ मध्ये आली आणि १९९४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. नाव देताना आधी एक जागा दाखवावी लागते, जिथे तो थर नीट उघडा आहे आणि कोणीही जाऊन पाहू शकतो. थर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते सांगावे लागते. तो नकाशावर काढता आला पाहिजे. नाव त्या ठिकाणाचे द्यायचे : गाव, नदी, डोंगर. एकदा वापरलेले नाव दुसऱ्या थराला द्यायचे नाही. हे सारे छापून जाहीर करायचे, म्हणजे ज्याला पटत नसेल त्याला हातोडा घेऊन तिथे जाता येईल. थरांची उतरंडही ठरलेली आहे. सर्वांत लहान एकेक प्रवाह. काही प्रवाहांचा मिळून मेंबर. त्याहून मोठा, म्हणजे मुख्य घटक, फॉर्मेशन, ज्याला मराठीत शैलसमूह म्हणतात. आणि अनेक शैलसमूहांचा मिळून ग्रुप.

या रीतीमुळे आपल्या ओळखीची गावे दगडांच्या वंशावळीत जाऊन बसली आहेत. नागपूरजवळच्या कामठीच्या नावाने वालुकाश्माचा कामठी शैलसमूह आहे. तो लाव्हाच्या कितीतरी आधीचा, नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूचा. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विभागणीत सह्याद्रीकडील एका शैलसमूहाचे नाव कार्ला आहे. भिक्खूंच्या चैत्यगृहामुळे आपल्याला पूज्य असलेले तेच कार्ला. आणि आपल्या या पठाराकडे आले की अजिंठा शैलसमूह आणि चिखली शैलसमूह ही नावे भेटतात. चिखली म्हणजे जानेफळकरांची शेजारच्या तालुक्याची चिखली. तिच्या बाजारात माल नेणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणी सांगितले आहे काय?

आता पुन्हा ब्लॅनफर्ड यांच्या तीन भागांकडे वळू. अडचण अशी की काळा पाषाण नाशिकला पाहा, जानेफळला पाहा की नागपूरला, डोळ्यांना सारखाच दिसतो. मग हा थर तोच की वेगळा, कसे ओळखायचे? १९८० च्या दशकात त्याचे उत्तर प्रयोगशाळेतून आले. केथ कॉक्स, पीटर हूपर, मुंबईच्या आय.आय.टी.चे के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी यांनी सह्याद्रीचे घाट पायाखाली घातले, दर थराचे नमुने घेतले आणि त्यातली टायटॅनियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम यांसारखी मूलद्रव्ये मोजली. दिसायला सारखे असणारे थर रासायनिक घडणीत वेगळे निघाले. १९८८ पर्यंत नवी विभागणी तयार झाली : कळसूबाई, लोणावळा आणि वाई हे तीन उपगट, आणि त्यांत जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर असे बारा शैलसमूह. सर्वेक्षणाची विभागणी मात्र जमिनीवर थर कसा दिसतो यावर उभी होती : साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड आणि इतर. त्यामुळे आज एकाच डोंगराला दोन पद्धतींनी दोन नावे आहेत आणि दोन्ही वापरात आहेत. कोणती वापरली ते अभ्यासकाने आधी सांगायचे असते.

रसायनाने जुन्या समजुतीला धक्के दिले. सह्याद्रीतले थर दक्षिणेकडे अगदी हलके कललेले आहेत. त्यामुळे नाशिककडून बेळगावकडे जाताना आपण सपाटीवरून चाललो तरी जुन्या थरांवरून नव्या थरांवर येत असतो. म्हणजे नुसत्या उंचीवरून वय ठरत नाही. आंध्रात राजमहेंद्रीजवळ लाव्हाचा एक वेगळा पडलेला तुकडा आहे. दख्खनच्या मुख्य खडकापासून तो शेकडो किलोमीटर दूर आणि समुद्रसपाटीजवळ आहे. त्याची घडण सह्याद्रीच्या माथ्याकडील आंबेनळी आणि महाबळेश्वर शैलसमूहांशी जुळली. लाव्हाचे पूर नदीखोऱ्यांतून तिथवर वाहत गेले असावेत, असे अभ्यासक मानतात. आज तळाशी दिसणारा दगड माथ्यावरच्या दगडाचा भाऊ निघाला!

वयाचेही असेच झाले. आधीच्या मोजण्यांत हे थर कोट्यवधी वर्षे साचत होते असे येई. १९८६ ते १९८८ या काळातल्या नव्या मोजण्यांनी दाखवले की बहुतेक लाव्हा त्या मानाने फार थोड्या काळात, ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास आला. ज्या काळात डायनोसॉर नष्ट झाले तोच हा काळ. २०१५ मध्ये संशोधकांनी दोन थरांमधल्या तांबड्या मातीतले झिरकॉनचे सूक्ष्म कण शोधून वय आणखी बारकाईने काढले. विहीर खोदणारा जो गेरूचा थर पाटीत भरून बाजूला टाकतो, त्यातच घड्याळ दडलेले होते. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन गटांचे लेख आले आणि कोणत्या टप्प्यात किती लाव्हा आला याबाबत त्यांचे चित्र एकमेकांशी पूर्ण जुळले नाही. भांडण मिटलेले नाही, पण ते मोजमापाने चालले आहे. कोणाच्या गुरूने काय सांगितले होते, यावर नाही.

जानेफळहून मेहकरमार्गे लोणारला जावे. तिथे तर संपूर्ण जागेचेच वर्गीकरण बदलले. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर यांनी या विवराची नोंद केली. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक अभ्यासकांनी ते ज्वालामुखीचे मानले. आजूबाजूला सगळा लाव्हाचाच खडक, मग दुसरे काय असणार? १८९६ मध्ये जी. के. गिल्बर्ट यांनी अमेरिकेतल्या तशाच विवराशी त्याचे साम्य दाखवले. पुढे सर्वेक्षणाने तळाशी छिद्रे पाडून नमुने काढले आणि १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी पुरावा मांडला. प्रचंड आघातानेच होऊ शकते अशी काच त्या दगडांत होती. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्केच्या आघाताने झाले, हे तेव्हापासून मान्य झाले. त्याचे वयही आधी सुमारे ५० हजार वर्षे धरत. २०११ मध्ये छापलेल्या मोजणीत ते ५ लाख ७० हजार वर्षे आले. १९७९ मध्ये ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक जाहीर झाले आणि २०२० मध्ये रामसर यादीत गेले. मुलांना तिथे न्याल तेव्हा पाण्याबरोबर विवराची भिंतही दाखवा. लाव्हाचे पाच-सहा थर आणि त्यांच्यामधले तांबडे-हिरवट पट्टे तिथे दिसतात. जानेफळच्या विहिरीत वाकून पाहिलेले पुस्तक इथे उभे करून ठेवले आहे.

वाचक बंधुभगिनींनो, हे सारे आपल्या साप्ताहिकात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ‘खालचा’ आणि ‘वरचा’ या दोन शब्दांत आहे.

भूशास्त्रात खालचा म्हणजे आधीचा आणि वरचा म्हणजे नंतरचा. त्यात मान-अपमान नाही. खालच्या थराने वरच्याला पेलले आहे आणि उन्हाळ्यात वरचा मुरूम कोरडा पडला की खालच्या मांजऱ्याचे पाणीच गाव जगवते. आपल्या समाजाने मात्र माणसांचे थर लावले आणि खालचा म्हणजे हीन असे ठरवले. बाबासाहेबांनी त्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. या थरांना ना दाखवायला जागा होती, ना मोजमाप, ना कोणी जाऊन तपासण्याची मुभा. ज्या हातांनी विहीर खोदली त्यांना घागर भरायला मनाई होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले ते याच वर्गीकरणाला आव्हान देण्यासाठी. दगडाचे शास्त्र शंभर वर्षांची ‘खालचा-मधला-वरचा’ ही विभागणी पुरावा मिळताच बाजूला ठेवते. माणसाच्या बाबतीत हजारो वर्षे पुरावा मागितलाच गेला नाही.

नावांचेही तसेच. नाशिकच्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणत आले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली, त्यामुळे तिथले शिलालेख वाचता आले आणि भिक्खूसंघाला दिलेली दाने, सातवाहन आणि क्षहरात राजघराण्यांची नावे, त्रिरश्मी डोंगराचे नाव बाहेर आले. पुरावा भिंतीवरच होता. वाचणारा हवा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी लादलेली ओळख टाकून स्वतः निवडलेली ओळख घेतली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. १९९४ मध्ये नाव मिळाले. नाव बदलून काय होते, असे तेव्हा ऐकवणारे पुष्कळ होते. नावात काहीच नसते, तर त्याला एवढा विरोध का झाला असता?

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. भूशास्त्राच्या नियमात गावाचे नाव बदलले तरी दगडाचे जुने नाव तसेच राहू शकते, कारण दगडाला त्याचे सुखदुःख नाही. माणसाला आहे. आणि नुसते नाव मिळाल्याने हक्क मिळतो असेही नाही. ‘गोंडवाना’ हे नाव गोंड आदिवासींच्या प्रदेशावरून भूशास्त्रात आले आणि आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका जोडलेल्या प्राचीन महाखंडाला लागले. जगभरातले विद्यार्थी ते नाव पाठ करतात. त्या गोंडांना स्वतःच्या जंगलजमिनीसाठी अजून झगडावे लागते.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भदंत नागसेन यांचा रथावरचा संवाद प्रसिद्ध आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. सर्व भाग एकत्र आले की व्यवहारासाठी आपण ‘रथ’ हे नाव देतो, असा त्याचा आशय. शैलसमूहाचे तसेच आहे. निसर्गाने दगडावर ‘अजिंठा’ किंवा ‘चिखली’ असे कोरून ठेवलेले नाही. ते नाव माणसाने कामासाठी ठेवले, आणि काम नीट होईना तर माणसानेच बदलावे. नावाला चिकटून बसणे ही आसक्तीच. पुरावा पाहून नाव सुधारणे हे तथागतांनी कालामांना सांगितलेल्या वाटेने चालणे आहे : परंपरेने आले म्हणून मानू नका, स्वतः पारखा.

यात आपला रोजचा व्यवहारही आहे. जानेफळसारख्या पठारावर विहीर किंवा बोअर घ्यायची म्हणजे एका कुटुंबाची वर्षानुवर्षांची कमाई, नाहीतर कर्ज. खाली मांजऱ्या किती खोलीवर आहे, पाषाणाला भेगा आहेत की नाहीत, यावर ती कमाई बुडते किंवा तरते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, तिच्या जिल्हा कार्यालयात विचारणा करावी. शेजारच्या विहिरींत कोणता थर किती फुटांवर लागला, हे खोदणाऱ्या वृद्धांना विचारून वहीत लिहून ठेवावे. गावातल्या मुलामुलींनी अशी वही केली तर तो गावाचा खरा नकाशा होईल. बुद्धविहारात रविवारी मुले जमतात. एखादा रविवार या कामाला द्यावा. एक काळा पाषाण, एक मांजऱ्या, एक गेरूचा तुकडा आणि मुठभर मुरूम एवढ्यावर पहिला पाठ होतो.

आणि अजिंठ्याला सहल नेणाऱ्यांनी वाघोरा नदीच्या वळणावर क्षणभर थांबावे. समोरच्या कड्यात लाव्हाचे थर आडवे पसरलेले दिसतात आणि त्याच कड्यात लेणी कोरलेली आहेत. भिंतींवरचे तांबडे, पिवळे, हिरवे रंग मातीपासून आणि खनिजांपासून केलेले आहेत. ज्यांनी ती लेणी कोरली त्यांना बेसाल्ट हा शब्द ठाऊक नव्हता, शैलसमूह ठाऊक नव्हता. कुठला दगड छिन्नीला साथ देईल आणि कुठला दगा देईल, हे मात्र त्यांना ठाऊक होते. त्यांच्या हातचे ते ज्ञान आणि आजच्या प्रयोगशाळेचे ज्ञान आपल्या मुलींच्या-मुलांच्या एकाच दप्तरात यावे. मग जानेफळच्या एखाद्या मुलीने उद्या हातोडा घेऊन हाच खडक नव्याने मोजला आणि चुकीचे वाटलेले एखादे नाव सकारण बदलून दाखवले, तर त्या नामांतरासाठी तिला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही. पुरावा तेवढा लागेल.